वजनाचा काटा आणि पाच पातळ्या

आमच्या वाईत देवालासुद्धा लाडाने 'ढोल्या' म्हणतात. १७६२ साली रास्त्यांनी कृष्णेकाठी बांधलेल्या देवळातला गणपती तो. मूलही असंच अंगाने भरलेलं हवं, 'बाळसं धरलंय' म्हटलं की घर खूश. पण घरात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताचं मूल असेल, तर वजनाचं गणित एवढं सोपं राहत नाही. हे गणित मांडायलाच डॉक्टर लोकांना जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

सुरुवात लंडनची. अवघड बाळंतपण, जन्मताना गुदमरणं आणि पुढे हातपाय ताठ होणं यांचा संबंध विल्यम लिटल या डॉक्टरने १८६२ साली मांडला. १८९७ मध्ये फ्रॉईडने (हो, तोच! आधी तो मेंदूचा डॉक्टर होता) उलट शंका काढली, की बिघाड गर्भातच झालेला असेल आणि अवघड बाळंतपण हा त्याचाच परिणाम असेल. वाद कारणांचा चालला, मुलाच्या ताटात काय पडतं याकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

आपल्याकडे १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, ती मुलगी मालिनीच्या अनुभवातून. शिक्षण आणि उपचार एकाच छपराखाली. आज ही संस्था 'अडॅप्ट' नावाने ओळखली जाते. पण मुंबई वाईपासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि मूल कडेवर!

मेंदूची इजा वाढत नाही, शरीर मात्र वाढतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर सगळी मापं दुप्पट झाली की स्नायूचा छेद चौपट होतो, वजन मात्र आठपट. म्हणून लहानपणी चालणारं मूल वयात येताना गुडघ्यात वाकून चालू लागू शकतं. त्यात वजन जास्त वाढलं तर चालणं आणखी महाग पडतं.

१९९७ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी हालचालींच्या पाच पातळ्या ठरवल्या. पहिलीतलं मूल आधाराशिवाय चालतं, पाचवीतल्याला सगळीकडे न्यावं लागतं. मला हे काम फार आवडलं. मग २०११ साली कॅलिफोर्नियातल्या २५,५४५ मुलांच्या नोंदींवरून प्रत्येक पातळीचे वेगळे वजनतक्ते निघाले. 'या आजारात मुलं बारीकच असतात' हे उत्तर तिथे पुरेसं राहिलं नाही. पहिल्या दोन पातळ्यांत अगदी तळाची पाच टक्के आणि पुढच्या तिन्हींत तळाची वीस टक्के वजनं मृत्यूच्या जास्त धोक्याशी जोडलेली दिसली. अर्थात तक्ता मुलं कशी आहेत एवढंच सांगतो, कशी असावीत ते नाही.

पाचव्या पातळीतल्या मुलाला गिळणंच कठीण. जेवण तासभर चालतं, आणि पातळ पेजेने पोट भरलं तरी अंगी फारसं लागत नाही. आई त्यात तूप घालते आणि वाढणारं तेच वजन रोज उचलते. घाटाच्या पायऱ्यांवर तर व्हीलचेअरचा प्रश्नच नाही. 'आणखी जड झाला तर?' ही भीती खरी आहे, पण तिच्यापायी घास कमी करू नये.

असो. उभं न राहणाऱ्या मुलाचं वजन होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आईने त्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मग तिचं एकटीचं वजन वजा करायचं. कपडे दर वेळी साधारण तेवढेच हवेत, आणि आकडा तारीख घालून वहीत.