हजेरीपटाबाहेरचें घर



"कुणाची चाकरी करूं नकोस, स्वतःचें कांहीं तरी काढ," हा उपदेश ठाणें-कल्याणकडच्या घरांतून मुलांना नित्य ऐकावयास मिळतो. शिक्षक या नात्यानें मींही तो पुष्कळांस केला आहे. परंतु नोकरी सोडून स्वतंत्र धंद्यांत पडणाराच्या मागें त्याच्या बायकामुलांचे व आईबापांचे कोणते हक्क सुटतात, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतों. हे हक्क मालकाच्या हजेरीपटाशीं कसे जखडले गेले, तें आज सांगावयाचें आहे.

१९४३ सालीं सरकारनें प्रा. बी. पी. आडारकर यांस कारखान्यांतील कामगारांसाठीं आरोग्यविम्याची योजना आंखण्यास सांगितलें. पुढील वर्षीं त्यांचा अहवाल सादर झाला. इंग्लंडांत १९४२ सालीं निघालेल्या बेव्हरिज यांच्या अहवालांत स्वतंत्र धंदेवाइकासही विम्याखालीं घेतलें होतें. आपल्याकडे तसें झालें नाहीं. वर्गणी पगारांतून कापावयाची, आणि पगाराची खात्रीची नोंद असावयाची ती कारखान्याच्या दप्तरीं. म्हणून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आरंभीं यंत्रशक्तीवर चालणाऱ्या, वीस वा अधिक माणसांच्या बारमाही कारखान्यांपुरताच होता. १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली, १९५४ सालीं मुंबईंत आली. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदाही १९५२ चाच.

१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या आरंभींच्या वसाहतींपैकीं एक. त्याच दशकांत डोंबिवलीचीही वसाहत उभी राहिली. वागळे इस्टेटींतील कामगार विमा रुग्णालय हें हजारों कुटुंबांच्या ओळखीचें झालें. २०१९ सालीं ठरलेल्या दरानें शंभर रुपये पगारामागें कामगाराचा वाटा पाऊण रुपया, मालकाचा सव्वातीन. एवढ्या वर्गणींत सबंध घराच्या औषधपाण्याची सोय होई.

माझा एक विद्यार्थी अशाच एका कारखान्यांत टर्नर होता. आठ वर्षें काम करून २०११ च्या सप्टेंबरअखेर त्यानें नोकरी सोडली, एक गाळा भाड्यानें घेतला आणि जुनें लेथ यंत्र आणलें. पेढे घेऊन आला तेव्हां मीं त्याची पाठ थोपटली. एप्रिल ते सप्टेंबर या काळांतील वर्गणीचा लाभ पुढील जानेवारी ते जून असा मिळत असे. त्यामुळें त्याच्या आईचीं मधुमेहाचीं औषधें जूनपर्यंत विनामूल्य चालू राहिलीं. जुलैंत तीं विकत घ्यावीं लागलीं, तेव्हां घरच्यांना प्रथम कळलें कीं तें रुग्णालय आईचें नव्हतें, मुलाच्या नोकरीचें होतें.

दुसरी गोष्ट याहून मोठी. यंत्रासाठीं त्यानें फंडाबरोबर पेन्शनच्या खात्यांतील रक्कमही काढून घेतली. १९९५ च्या पेन्शन योजनेंत निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते. रक्कम न काढतां योजनेचें प्रमाणपत्र घेतलें असतें, तर तीं आठ वर्षें पुढील एखाद्या नोकरींत जोडतां आलीं असतीं. तीं पुसलीं गेलीं. शिवाय, नोकरींत असतां कामगार दगावला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी त्याच्या विधवेस पेन्शन मिळतें. १९७६ पासूनची विम्याची रक्कमही सेवेंत मृत्यु आल्यासच मिळते. गाळ्याच्या दारांत पाऊल ठेवतांच हीं दोन्ही छत्रें मिटलीं. गंमत अशी कीं, उद्यां त्याच्या गाळ्यांत दहा माणसें झालीं, तर त्यांच्यासाठीं मालकाचा वाटा त्यानें भरावयाचा. स्वतः मात्र तो बाहेरच. ज्याच्या हातीं थैली तो मालक, एवढेंच कायदा जाणत होता. मालक आणि मजूर एकाच सदऱ्यांत असूं शकतात, हें त्याच्या ध्यानीं आलें नाहीं.

याहून निराळी वाट नव्हतीच काय? होती, आणि ती याच महाराष्ट्रानें दाखविली. माथाडी कामगारास एक असा मालक नसतो. सकाळीं या पेढीचें ओझें, दुपारीं त्या पेढीचें. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर १९६९ सालीं कायदा झाला आणि मंडळें निर्माण झालीं. काम देणारानें मजुरी व तिजवरील अधिभार मंडळाकडे भरावा, आणि मंडळानें त्यांतून फंड, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची तरतूद करावी. हक्क मालकाशीं न बांधतां कामाशीं बांधतां येतो, हें तेथें सिद्ध झालें.

पुढें २००८ च्या कायद्यानें असंघटित कामगारांत स्वयंरोजगार करणारासही गणलें. २०१५ सालीं अटल पेन्शन योजना आली. परंतु तींत मालकाचा वाटा नाहीं. जें साठवावयाचें तें मुख्यतः आपल्याच खिशांतून.

स्वतंत्र धंदा करूं नये, असें मी मुळींच म्हणत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याचा गाळा आज बरा चालतो. मात्र राजीनामा देण्यापूर्वीं सेवेचीं वर्षें मोजावीं, पेन्शनच्या रकमेस हात लावण्यापूर्वीं प्रमाणपत्राची चौकशी करावी, आणि घरच्यांच्या औषधांचा खर्च भांडवलांत धरावा. पाठ थोपटतांना मीं त्याला एवढें विचारावयास हवें होतें. तें मीं विचारलें नाहीं. आपण आपल्या मुलांना विचारावें.