दहीहांड्याचं मीठ

आपल्या वऱ्हाडातून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं आणि आठवड्याभरात, १३ एप्रिलला, आपल्या अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्यातही मिठाचा कायदा मोडला गेला. इथे ना किनारा, ना मिठागर. होतं ते विहिरीचं खारं पाणी. ते शेंदायचं, कढईत ओतायचं, खाली जाळ घालायचा. पाणी आटलं की बुडाला मीठ. अकोल्याच्या दुर्गाताई जोशी यांच्यासारख्या बायाही त्या लढ्यात उतरल्या होत्या. दांडी सगळ्यांना पाठ असते. दहीहांडा म्हटलं की मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या पोरी तोंडाकडे पाहतात, म्हणून आजचं बोलणं तिथून.

पूर्णाकाठी मीठ काढणं काही १९३० साली सुरू झालं नाही. ते जुनंच काम. १८५३ साली निजामाने वऱ्हाडाचा कारभार कंपनीच्या हाती दिला, पुढे सरकारला मिठावर कर हवा होता, आणि १८८२ च्या कायद्याने मीठ करणं सरकारच्या मुठीत गेलं. म्हणजे विहीर तुमची, पाणी तुमचं, त्यातलं मीठ मात्र सरकारचं! ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात, जिथे मीठ निघतं तिथल्या लोकांनी घरच्यापुरतं करायला हरकत नाही, एवढं सरकारने कबूल केलं.

आता ते मीठ पाण्यात असं लपून कसं बसतं? पाण्याचा कण आपल्याला दिसत नाही, पण त्याला दोन बाजू असतात. एकीकडे थोडा ऋण भार, दुसरीकडे थोडा धन. मिठाचा खडाही धन आणि ऋण कणांचाच रचलेला. खडा पाण्यात पडला की पाण्याचे कण चहूकडून भिडतात, एकेक कण ओढून काढतात आणि त्याला घेरून बसतात. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ असं मावतं, त्यापुढे तळाशी राहतं. सरकीच्या तेलाच्या कणाला असे भार नाहीत. पाणी त्याला धरणार कशाने? ते आपापसातच घट्ट राहतं आणि तेल वर तरंगतं. तेलकट ताटाला साबण लागतो तो यासाठीच. साबणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. पण आपल्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आधीच विरघळलेलं असतं. ते साबणाला गाठून त्याचा चिकट साका करतं. वडी झिजते, फेस येत नाही, आणि सुनेला ऐकावं लागतं की हिला धुणंच येत नाही.

गढूळपणाची गोष्ट वेगळी. माती पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. म्हणून ती फडक्यात अडकते, तुरटी फिरवली की गोळा होऊन खाली बसते. खार फडक्यातून आरपार जातो. तुरटीने तो हलत नाही.

अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जवळपास ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या बाया पाणी गाळतात, उकळतात, आणि मनाला बरं वाटतं. उकळण्याने जंतू मरतात, ते करायलाच हवं. थोडा चुन्याचा अंशही भांड्याला पांढरा थर होऊन बसतो. पण मिठाचं काय होतं? दहीहांड्याच्या कढईत झालं तेच. पाणी वाफ होऊन जातं, मीठ मागे राहतं. दोन हंड्यांचं दीड हंडा केलं तर खार तेवढाच, पाणी कमी. घोट उलट जास्त खारट. ज्या बाईला रक्तदाब आहे तिला हे जास्तीचं सोडियम सोसत नाही. सरपण जातं ते वेगळंच.

विरघळलेला खार काढायला आरओसारखं यंत्र लागतं, नाहीतर पावसाचं पाणी धरावं लागतं. पाऊसही कढईच्याच न्यायाने गोड असतो. समुद्राची वाफ वर गेली, मीठ खाली राहिलं. पत्र्यावरचं पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून, झाकणाच्या टाकीत घेतलं तर डाळ शिजवायला त्यासारखं पाणी नाही.

जिभेवर मात्र फार विसंबू नका. खारटपणा जिभेला कळतो, पण खतांमधून उतरलेलं नायट्रेट आणि खडकातलं फ्लोराइडही तसंच विरघळलेलं असतं आणि त्याला चव लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे, त्यासाठी गावाला तपासणीचं किट द्यायचं असतं. आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण, आणि किट कोणाच्या कपाटात आहे, हे येत्या ग्रामसभेत विचारा.