उतार, नाका आणि पथकर : नांदेड-लातूर भागातील वाटखर्चाचा शब्देतिहास

एखाद्या प्रदेशातील रस्त्यांचा इतिहास लिहावयाचा तर अभ्यासक प्रथम नकाशे, सनदा व जमाखर्चाची दप्तरे यांच्याकडे वळतो, आणि ते योग्यच होय. परंतु रस्त्यावर पडणाऱ्या खर्चाचा इतिहास शोधावयाचा झाल्यास आणखी एक साधन उपलब्ध असते. ते म्हणजे त्या खर्चाला मिळालेली नावे. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या भागात शुल्क, सुंक, जकात, राहदारी, करोडगिरी, टोल आणि पथकर असे या नावांचे थर एकावर एक साचलेले आहेत. बहुतेक शब्द कोणत्या ना कोणत्या राज्यव्यवस्थेबरोबर आले. व्यवस्था गेली, पण शब्द कोठे बोलण्यात तर कोठे दप्तरात मागे राहिले. प्रस्तुत लेखात या थरांच्या आधारे एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : वाट वापरण्याचे मोल प्रत्यक्षात कोण देतो, आणि आपण ते देत आहोत हे त्यास कळते काय?

१. नदी आणि उतार

नांदेड हे गोदावरीच्या काठी, लातूर मांजरेच्या खोऱ्यात, आणि दोहोंच्या दरम्यान मन्याड. अशा प्रदेशात वाटेचा खरा अडसर नदी हाच असतो. लातूरपासून जवळ असलेले तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर. पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर ते असून तेथील माल गाड्यांतून भडोचला जात असे, असे तो ग्रंथ सांगतो. म्हणजे या भागातील गाडीवाट निदान एकोणीसशे वर्षांची जुनी आहे.

नदी उतरण्याचे मोल घेण्याची पद्धतही तितकीच जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नावध्यक्षाच्या प्रकरणी या मोलाची श्रेणी दिलेली आहे. ओझे घेतलेल्या माणसास एक माषक, गायी-घोड्यास दोन, उंट-म्हशीस चार, हलक्या वाहनास पाच आणि गाड्यास सात असा तो क्रम असून मोठ्या नद्यांवर हे मोल दुप्पट धरावे असे म्हटले आहे. वृद्ध, बालक, रुग्ण, गर्भिणी इत्यादींना त्यातून सूट होती. या आकारणीत दोन तत्त्वे दिसतात. एक, वाहन जितके जड तितके मोल अधिक. दुसरे, पाणी जितके रुंद तितके मोल अधिक. आजच्या पथकराच्या दरपत्रकातही हीच तत्त्वे आहेत, हे पुढे दिसून येईल.

मराठीने या व्यवहाराची आठवण एका नित्याच्या शब्दात जपली आहे. नदी जेथे पायी ओलांडता येते ती जागा ‘उतार’ होय. आगगाडीने वा मोटारीने जाणाऱ्यास आपण ‘उतारू’ म्हणतो. पूल झाले, तथापि प्रवाशाचे नाव मात्र उतरण्यावरूनच राहिले.

२. सुंक

लातूरचा संबंध राष्ट्रकूटांच्या ‘लट्टलूर’ या मूलस्थानाशी जोडला जातो, आणि कंधार हे त्यांच्या काळातील महत्त्वाचे स्थान होते. या काळातील कन्नड शिलालेखांत मालावरील कराचे नाव ‘सुंक’ असे येते. संस्कृत ‘शुल्क’ शब्दाचेच ते रूप. मोठ्या मालावरील करास ‘पेर्जुंक’ अशी संज्ञा होती. तेलुगूतही हा शब्द ‘सुंकमु’ या रूपाने रूढ आहे. उदगीर-निलंग्याकडे कन्नड आणि देगलूर-बिलोलीकडे तेलुगू अशा दोन भाषांच्या शेजारी वसलेल्या मराठीने मात्र हा शब्द नित्य व्यवहारात टिकविला नाही. त्याची जागा पुढे अरबी-फारसी शब्दांनी घेतली.

३. जकात, राहदारी आणि हुंडेकरी

‘जकात’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ धर्माने सांगितलेले दान. दख्खनच्या राज्यव्यवहारात तो मालावरील कर या अर्थी स्थिरावला. ‘राहदारी’ हा फारसी शब्द. वाट राखण्याबद्दल घ्यावयाचे मोल हा त्याचा मूळ आशय. वाट सुरक्षित ठेवणाऱ्याने मोल घ्यावे हा विचार न्याय्यच होता. परंतु कालांतराने राखण गेली आणि वसुली राहिली.

औरंगजेबाने राज्यारोहणानंतर, सुमारे १६५९ मध्ये, राहदारी माफ केल्याचे सर्वश्रुत आहे. या आज्ञेचे पुढे काय झाले हे खाफीखानाने लिहून ठेवले आहे. दूरच्या मुलखात ती पाळली गेली नाही. त्याचे कारणही तो देतो. जहागिरींच्या आकारणीत राहदारीचे उत्पन्न धरलेले होते आणि हिशेबातून ते वगळण्यात आले नाही. सबब जहागीरदार ते वसूल करीतच राहिले. कर रद्द करण्याची आज्ञा आणि त्या उत्पन्नावर बेतलेला हिशेब यांचा मेळ नसेल तर आज्ञा कागदावरच राहते, असा याचा अर्थ होय.

मराठी कागदपत्रांत जकातीचे पोटभेद आढळतात. माल भरतेवेळी घ्यावयाची ती थळभरीत, विक्रीच्या ठिकाणी घ्यावयाची ती थळमोड. याखेरीज वाटेवरील नाके वेगळेच. नाके इतके झाले की व्यापाऱ्यास प्रत्येक ठिकाणी स्वतः हिशेब करणे अशक्य झाले, आणि त्यातून ‘हुंडेकरी’ हा वर्ग निर्माण झाला. वाटेवरील सर्व जकाती आपण भरू आणि माल मुक्कामी पोचवू, असा एकठोक करार हुंडेकरी करीत. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यातही या वर्गाची नोंद आहे.

हुंडेकऱ्याची सोय मोठी होती, यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. कर किती आणि वाहतूक किती हा भेद त्या एकठोक रकमेत पुसला गेला. व्यापारी ती रक्कम मालाच्या किमतीत धरी, आणि शेवटी ती एकतर खरेदीदाराच्या वा शेतकऱ्याच्या माथी येई. ज्याच्या माथी ती येई त्यास जकातीचा आकडा कधीच दिसत नसे.

४. करोडगिरी

मुंबई इलाख्यात अंतर्गत जकाती १८३८ च्या सुमारास उठविण्यात आल्या. निजामाच्या राज्यात मात्र सरहद्दीवरील कर चालू राहिला. १८०२ च्या व्यापारी तहात त्याचे प्रमाण शेकडा ५ ठरले होते. हा कर वसूल करणाऱ्या खात्याचे नाव ‘करोडगिरी’. अकबराने १५७४-७५ मध्ये एक कोटी दाम वसुलीच्या हिशेबाने नेमलेला अधिकारी तो ‘करोडी’. मूळचा शेतसाऱ्याशी निगडित असलेला हा शब्द हैदराबादेत येईतो जकातवाचक झाला, हे अर्थांतराचे चांगले उदाहरण होय.

बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. बार्शी ब्रिटिश मुलखात, लातूर निजामाच्या. रूळ एक आणि राज्ये दोन. सरहद्दीवर नाणेही बदले. इकडे हाली शिक्का, तिकडे कळदार, आणि ७ हाली म्हणजे ६ कळदार असे प्रमाण. त्यामुळे प्रवासखर्चात भाडे, कर आणि नाणेबदल असे तीन घटक येत. १९३२ मध्ये निजाम रेल्वेच्या मार्ग-परिवहन खात्याने २७ मोटारी घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली, आणि तिकीट हा प्रवासखर्चाचा नवा, छापील पुरावा अस्तित्वात आला.

५. तिकिटातील कर आणि नाक्यावरील कर

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. एस. टी.चा उतारू १९५८ च्या कायद्याप्रमाणे तिकिटातच प्रवासी कर देतो. या कराचे प्रमाण अनेक वर्षे भाड्यावर शेकडा १७.५ राहिले. गावच्या बाजाराला जाणारी शेतमजूर स्त्री हा कर देते, पण आपण करदाते आहोत असे तिला वा इतरांना सहसा वाटत नाही.

टोलची गोष्ट याहून वेगळी. येथे मोल नाक्यावर, उघड्यावर घेतले जाई. म्हणूनच त्यावर वादही उघड झाले. राज्य शासनाने १ जून २०१५ पासून १२ नाके बंद केले व ५३ नाक्यांवर मोटारगाड्या व एस. टी. यांना सूट दिली. मालमोटारीस ती मिळाली नाही. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा मार्ग मात्र राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ असून त्यास केंद्राचे २००८ चे शुल्कनियम लागू पडतात. या नियमांत जुलै २०२५ मध्ये झालेली दुरुस्ती पुलांच्या दृष्टीने उद्बोधक आहे. पूल, बोगदा इत्यादी बांधकामाची लांबी दहापट धरून उरलेल्या रस्त्यात मिळवावी, अथवा संपूर्ण लांबीची पाचपट करावी, आणि त्यांतील कमी असेल ती धरावी. म्हणजे १० कि. मी. रस्त्यात १ कि. मी. पूल असल्यास आकारणी १९ कि. मी.ची होते. मोठ्या नदीवर दुप्पट मोल सांगणाऱ्या कौटिल्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

फेब्रुवारी २०२१ पासून महामार्गांवर फास्टॅग सक्तीचे झाले. नाक्यावरील खोळंबा कमी झाला, हा लाभ खराच. परंतु मालमोटारीचे शुल्क आता मालकाच्या खात्यातून परस्पर वळते होते आणि भाड्यात मिसळते. लातूर वा नांदेडच्या अडतीवर तूर-सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास भाड्याचा एकच आकडा दिसतो. हुंडेकऱ्याचा एकठोक करार निराळ्या रूपाने परत आला आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

समारोप

येथे मोल घेऊच नये असा युक्तिवाद अभिप्रेत नाही. पूल बांधावयाचा व राखावयाचा तर त्याचा खर्च कोणीतरी दिलाच पाहिजे. वरील विवेचनातून निघते ते इतकेच की, या मोलाविषयी लोकांनी जाब विचारला तो बहुधा ते डोळ्यांस दिसत असताना. ते भाड्यात वा तिकिटात गेले की नाव नाहीसे होते, आणि नाव नाहीसे झाले की प्रश्नही मावळतो. या दृष्टीने अडत्यांच्या खतावण्या, मोटारमालकांच्या बिल्ट्या, जुनी तिकिटे आणि वृद्ध गाडीवानांच्या तोंडचे शब्द ही या भागाच्या आर्थिक इतिहासाची साधनेच होत. वह्या रद्दीत जात आहेत आणि सांगणारी पिढी मावळत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यापुरते हे काम हाती घेतल्यास, वाटेचे मोल कोणी दिले या प्रश्नाचे उत्तर अनुमानाऐवजी आकड्यांनी देता येईल.