वळिवड्याचे पोलंड

आम्ही ज्या कुही तालुक्यात राहतो, तेथे ‘पुनर्वसन’ हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात तालुक्यातील कित्येक गावे गेली. जुन्या गावाचे नाव नव्या वसाहतीला दिले की गाव पुन्हा वसले, अशी कागदोपत्री समजूत असते. कदाचित म्हणूनच, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीविषयी सांगितली जाणारी आतिथ्याची कथा खरी असूनही आम्हाला अपुरी वाटत आली आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पोलंडचा पूर्व भाग व्यापला. पुढील दोन वर्षांत तेथील लाखो कुटुंबीयांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानात पाठविण्यात आले. हिटलरने रशियावर आक्रमण केल्यानंतर, जुलै १९४१ च्या करारान्वये त्यांची सुटका झाली. हयात पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात गेले आणि बायका-मुले १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तेथून काही मुले जामनगरजवळ बालाचडीला गेली. १९४३ पासून सुमारे पाच हजार माणसे वळिवड्यास राहू लागली. लंडनमधील परागंदा पोलिश सरकार खर्च सोशीत होते.

या वस्तीला ‘स्थलांतरितांची’ म्हणावे काय? १८५४ मध्ये सायलेशियातील पोलिश शेतकरी अमेरिकेच्या टेक्सास राज्यात गेले, त्यांनी पान्ना मारिया हे गाव वसविले. ते जमीन कसायला, राहायला गेले होते. वळिवड्यात कोणीच राहायला आले नव्हते. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यप्रयोग, बालवीरांची पथके असे सारे उभे राहिले. पण ते परतीच्या तयारीसाठी. ज्या देशाचा इतिहास-भूगोल मुले पंचगंगेकाठी शिकत होती, त्या देशात ती उद्या जाणार होती. आपल्याकडे काही टीकाकार अशा वस्तीला ‘अलिप्त’ म्हणून मोकळे होतात. परतीची आशा असणाऱ्याने परकी भाषा घरात का आणावी, हा प्रश्न ते स्वतःला विचारीत नाहीत.

ती आशा फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे संपली. पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकली आणि छावणीतील बहुतेकांची गावे सोव्हिएत संघात गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. युद्ध जिंकणाऱ्यांच्या बाजूची ही माणसे शांततेच्या पहिल्याच वर्षी सरकारावाचून उरली. आमच्या मते छावणीचा खरा इतिहास येथून सुरू होतो. १९४८ पर्यंत ती रिकामी झाली: बरेच जण सैनिकांचे आप्त म्हणून ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, तर काही नव्या पोलंडला.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे दुसऱ्या एका पोलिश माणसाची आठवण व्हावी. वॉर्सात जन्मलेले मॉरिस फ्रीडमन १९३० नंतरच्या दशकात अभियंता म्हणून स्वखुशीने भारतात आले. औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगात ते गुंतले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचे इंग्रजी रूप त्यांनी ‘आय ॲम दॅट’ या नावाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. वांदा दिनोव्स्का यांच्यासह १९४४ मध्ये त्यांनी पोलिश-भारतीय ग्रंथालय ही प्रकाशनसंस्थाही काढली. पाच हजारांच्या वस्तीने जे केले नाही ते एकट्याने केले, असा निवाडा करण्याचा मोह होतो. परंतु त्याला कोणी डब्यात कोंबून आणले नव्हते.

छावणीतील माणसांनी आपला इतिहास लिहिला तो लंडनमध्ये, पोलिश भाषेत. तो ग्रंथ २००० मध्ये निघाला. वळिवड्याच्या त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्यांना परतायला जागाच नव्हती, हे त्यांना प्रारंभापासून ठाऊक होते. त्यांच्या वस्तीचे गांधीनगर झाले आणि आज ती कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. पोलिशांची स्मृती महावीर उद्यानातील स्तंभावर आहे, आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, जेथे परत जाऊ न शकलेले त्यांचे लोक आहेत.