तापाचा आकडा

लेकराच्या कपाळाला हात लावून आई ताप ओळखते. हात अंदाज सांगतो, आकडा सांगत नाही. 1866-67 च्या सुमारास इंग्लंडमधील डॉ. ऑलबट यांनी सहा इंचांची, पाच मिनिटांत ताप सांगणारी पाऱ्याची नळी केली. त्यापूर्वीची फूटभर नळी वीसेक मिनिटे धरून बसावे लागे!

आकडा हाती आला आणि माणसांची निवड सुरू झाली. 1897 च्या प्लेगात रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई. संशयिताला बाजूला काढीत. त्याच साली आपल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. साथरोगाचा कायदाही 1897 चाच. 2020 च्या मार्चमध्ये, आपल्या इस्लामपुरात कोरोनाचे रोगी सापडले त्या दिवसांत, तोच कायदा पुन्हा बाहेर निघाला.

आता पारा मागे पडला आहे. पाऱ्याची वाफ विषारी. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून 2001 साली बंद पडला, आणि तेथील कामगारांना समझोत्यासाठी 2016 पर्यंत वाट पाहावी लागली. नव्या तापमापकाच्या टोकाशी थर्मिस्टर नावाचा बारीक मणी असतो. तो तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. आतील चकती त्या विरोधावरून अंश काढते आणि काचेवर आकडा उमटविते. काही यंत्रे तर पुरती तापण्याची वाटही पाहत नाहीत. चढण्याच्या वेगावरून शेवटचा आकडा आधीच वर्तवितात.

फाटकावरचे पिस्तूल याहून निराळे. ते अंगाला लागतच नाही. कातडीतून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण ते टिपते आणि त्यावरून आतील तापाचा हिशेब मांडते. म्हणजे मोजले जाते कपाळ आणि दाखविला जातो ताप. ऊन, घाम, वारा, सगळे त्या हिशेबात शिरते.

ऑक्टोबर 2020 मध्ये आमच्या भागातील एका कारखान्याच्या फाटकावर, उन्हातून सायकल हाणीत आलेल्या कामगाराला यंत्राने ‘ताप’ दाखविला. त्याला परत धाडले, खाडा मांडला. घरी काखेत थर्मामीटर लावला, तो 98 च्या आसपास. आम्ही मागणी केली ती साधी: दहा मिनिटे सावलीत बसवा आणि पुन्हा मोजा. तपासणीला आमचा विरोध नव्हता. साथ आमच्याही घरात शिरत होती. बाकडे आणि वर पत्रा मिळायला तीन दिवस लागले. त्या खाड्याच्या पगारासाठी मात्र महिनाभर भांडावे लागले.