महिला पट (बुद्धिबळ लीग)

महिला पट : सांघिक बुद्धिबळ लीगमध्ये दोन संघांच्या महिला खेळाडूंसाठी राखलेला पट. या पटावरील डावाचे गुण इतर पटांइतकेच संघाच्या खात्यात जमा होतात.

पार्श्वभूमी : भारतातील पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा 1974 मध्ये बंगळूरला झाली व ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्या सहभागाचा वाद उच्च न्यायालयात गेला. महिलांना राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष माक्स ऑयवे यांनी दिला.

स्वरूप : इंग्लंडच्या फोर एनसीएल लीगमध्ये (स्थापना 1993) वरच्या विभागातील आठ जणांच्या संघात किमान एक महिला असावी, अशी अट ठेवली गेली, मात्र पट ठरावीक नसल्याने दोन महिलांची गाठ पडेलच असे नाही. फिडे व टेक महिंद्रने सुरू केलेल्या ग्लोबल चेस लीगमध्ये (पहिले पर्व : दुबई, 2023) सहा जणांच्या संघात दोन महिला असतात आणि त्यांची लढत महिलांशीच होते. सामन्यात एका संघाचे सर्व खेळाडू एकाच रंगाच्या मोहऱ्यांनी खेळतात. पांढऱ्याने जिंकल्यास 3, काळ्याने जिंकल्यास 4 व बरोबरीला 1 गुण मिळतो. पाच डाव बरोबरीत सुटले आणि महिला पटावर एकीने बाजी मारली, तर सामना 8–5 असा, आणि ती काळ्या मोहऱ्यांनी खेळत असल्यास 9–5 असा सुटतो. त्यामुळे बरोबरी स्वीकारण्यापूर्वी शेजारच्या पटांचा हिशेब मांडावा लागतो.

उल्लेखनीय लढती : 2023 च्या अंतिम फेरीत मुंबा मास्टर्सकडे कोनेरू हंपी व द्रोणवल्ली हरिका, तर त्रिवेणी काँटिनेंटल किंग्जकडे कातेरिना लाग्नो व नाना झाग्निद्झे होत्या. विजेतेपद त्रिवेणीला मिळाले.

महिला ऑलिंपियाडमध्ये चारही पट महिलांचेच असतात. बुडापेस्ट येथे 22 सप्टेंबर 2024 रोजी, शेवटच्या फेरीत, नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर गोव्हर बेयदुल्लायेवाला हरवले. पुण्याचे अभिजित कुंटे कर्णधार असलेल्या भारतीय संघाने अझरबैजानवर 3.5–0.5 अशी मात करून सुवर्णपदक पटकावले. दिव्याने 11 डावांत 9.5 गुणांसह तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही मिळवले.