बडिश, आमिष आणि कृत्रिम माशी : ट्राउट माशाच्या पारधीसंबंधीं एक टिपण

काश्मिरांतील लिद्दर किंवा सिंध नदीच्या कांठीं दोन दिवस मुक्काम करून पिसांच्या माशीनें ट्राउट मासा धरावयाचा, हा छंद आतां केवळ युरोपीयांचा राहिलेला नाहीं. त्याबरोबर दोन समजुतीहि प्रचारांत आल्या आहेत. पहिली अशी कीं, हा मासा त्या नद्यांचा मूळचा रहिवासी आहे. दुसरी अशी कीं, ही विद्या आपल्या प्राचीनांस अवगत असून तिचें विवेचन चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासां'त आलें आहे. दोन्ही समजुती ऐकावयास गोड आहेत. परंतु गोडी हें प्रमाण नव्हे. प्रस्तुत टिपणांत त्यांचा पुराव्यानिशीं विचार करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम विद्येचें स्वरूप पाहूं. गळास संस्कृतांत 'बडिश' म्हणतात व त्यास लावावयाच्या खाद्यास 'आमिष'. आमिष म्हणजे मूळांत मांस. पुढें त्यास लालूच असा अर्थ आला. नेहमींच्या गळास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावितात व मासा चवीनें फसतो. माशीच्या पारधींत खाण्याजोगें कांहींच नसतें. आंकड्यावर रेशीम, लोंकर व पिसें गुंडाळून उडत्या कीटकाची आकृति करितात. ही वस्तु जवळजवळ निर्भार असल्यामुळें ती स्वतः फेंकली जात नाहीं. काठीच्या लवचीकपणानें दोरीस झोंका देऊन, दोरीच्याच वजनानें ती पाण्यावर अलगद उतरवावी लागते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो व वाहत येणारे कीटक टिपतो. त्यांतील एका प्रमुख कीटकाचें बालपण पाण्याखालीं कित्येक महिने जातें. पंख फुटल्यावर मात्र तो एकदोन दिवसच जगतो, व त्या अवस्थेंत कांहीं खातहि नाहीं. आज नदीवर कोणता कीटक उठला आहे हें ओळखून त्याचें सोंग पाण्यावर सोडणें, हें या विद्येचें मर्म होय.

येथें एक शास्त्रीय भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. भागवताच्या एकादश स्कंधांतील अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें पतंग रूपानें नाश पावतो व मीन रसानें. एकनाथांनीं शके १४९५ त पूर्ण केलेल्या टीकेमुळें हा विचार मराठी वाचकांस सुपरिचित आहे. या दृष्टीनें पाहतां, पिसांच्या माशीस भुलणारा मासा पतंगाच्या पंक्तीस बसतो. तो रूपानें मरतो. तेव्हां एकाद्या ग्रंथांत माशीची विद्या आहे कीं नाहीं, हें ठरवितांना तेथें मासा रसानें फसतो कीं रूपानें, एवढेंच विचारावें.

रूपाच्या फसवणुकीचें पहिलें स्पष्ट वर्णन म्हणून ग्रीक भाषेंत लिहिणारा रोमन लेखक ईलिअन याच्या प्राणिविषयक ग्रंथाच्या पंधराव्या भागाकडे बोट दाखविलें जातें. याचा काळ सुमारें इ. स. १७५ ते २३५. मॅसिडोनियांत बेरीआ व थेसालोनिका या नगरांमध्यें अस्ट्रीअस नांवाची नदी वाहते. तींतील ठिपकेदार मासे एका विशिष्ट माशीवर झडप घालतात. ती खरी माशी हातांत धरली कीं तिचा रंग जातो, म्हणून कोळी आंकड्यास तांबडी लोंकर गुंडाळून कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बसवितात. काठी सुमारें सहा फूट व दोरीहि तितकीच, असें तो सांगतो. मात्र हा लेख स्वीकारतांना दोन गोष्टी विसरूं नयेत. ईलिअन ही हकीकत ऐकीव म्हणून देतो. आणि आपण इटलीबाहेर कधीं पाऊल टाकिलें नाहीं असें तो म्हणत असे, हें त्याचा चरित्रकार फिलोस्ट्रेटस यानें नमूद केलें आहे. शिवाय माशाचें नांव तो देत नाहीं. तें मॅसिडोनियन लोकांस विचारावें म्हणतो. ठिपक्यांवरून तो ट्राउट असावा हें अनुमान आहे. बलवत्तर असलें तरी अनुमानच.

इंग्लंडांत ही विद्या छापील रूपानें इ. स. १४९६ त आली. त्या वर्षीं विंकिन डी वर्ड यानें वेस्टमिन्स्टर येथें छापलेल्या ग्रंथांत गळाच्या पारधीवर एक प्रकरण असून त्यांत बारा माश्या सांगितल्या आहेत. तें प्रकरण जुलिआना बर्नर्स नामक जोगिणीचें म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यास समकालीन आधार नाहीं. वॉल्टन याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा, व माशीच्या पारधीवरील कॉटन याची पुरवणी १६७६ ची. म्हणजे ही कला इंग्लंडांतच जन्मली, ही तिकडील समजूतहि आपल्याकडील समजुतीइतकीच लटकी ठरते.

आतां 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा ग्रंथ शके १०५१ च्या सुमाराचा. यांतील संगीतप्रकरणांत प्राचीन मराठी पद्याचे नमुने आले असल्यानें महाराष्ट्रास त्याचें अगत्य आहेच. श्रीगोंदेकरांनीं बडोद्याहून त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ त प्रसिद्ध केले. विनोदांच्या विंशतींत 'मत्स्यविनोद' येतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ च्या सुमारास त्यावर स्वतंत्र लेख लिहिला. समुद्रांतील व नदींतील मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, लहान व थोर, असे भेद करून कोणत्या माशास कोणतें खाद्य चारावें व त्यास गळावर कसें आणावें हें राजानें सांगितलें आहे. बाराव्या शतकांत माशांच्या आहाराचें इतकें बारकाईनें निरीक्षण व्हावें, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आमची कसोटी लाविली असतां उत्तर एकच येतें: येथील मीन रसानें फसतो. त्यावरून कृत्रिम माशीची विद्या सिद्ध होत नाहीं.

याचें कारण बुद्धीच्या उणेपणांत शोधूं नये. तें भूगोलांत आहे. ट्राउटास थंड व स्वच्छ वाहतें पाणी लागतें. तें सुमारें २० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें कीं त्यास तें मानवत नाहीं. दख्खनच्या नद्या पावसाळ्यांत गढूळ व उन्हाळ्यांत कोमट. जेथें मासाच निराळा, तेथें पारधहि निराळीच होणार.

राहिला काश्मीरचा प्रश्न. थंड हवेंत अंड्यांची वाढ मंदावते, या तत्त्वावर १८६४ त इंग्लंडांतून ट्राउटचीं अंडीं शेवाळांत गुंडाळून, बर्फांत ठेवून, जहाजानें टास्मानियास जिवंत पोंचविण्यांत आलीं होतीं. आपल्याकडे निलगिरींत फ्रान्सिस डे यानें १८६३ त केलेला प्रयत्न फसला होता. काश्मिरांत महाराज प्रतापसिंहांच्या कारकीर्दींत बेडफर्डच्या ड्यूकनें १८९९ त पाठविलेलीं अंडीं वाटेंतच नासलीं. १९०० च्या अखेरीस स्कॉटलंडाहून आलेलीं अंडीं मात्र जगलीं. श्रीनगरांत गालिच्यांचा कारखाना चालविणारा मिचेल हा या खटपटीचा सूत्रधार होता. पुढें हारवन येथें पैदास होऊं लागली. तेथून १९०९ त कुलूच्या बियास नदींत हा मासा गेला, आणि १९१२ त इंद्रधनुषी ट्राउट ही दुसरी जात काश्मिरांत आली. आज त्या नद्यांत जन्मणाऱ्या ट्राउटास 'रानटी' म्हणतात तें, तो नदींतच वाळूखड्यांत अंडीं घालून वाढतो म्हणून. त्याचा वंश मात्र तेथील नव्हे.

मग तो मूळचा, ही समजूत कोठून आली? आमच्या मतें ती नामसादृश्यांतून आली. काश्मिरांत रोहूच्या कुळांतील एक देशी मासा पूर्वींपासून आहे. त्याच्या आकारावरून इंग्रजांनीं त्यास 'स्नो ट्राउट' म्हटलें. नांव सारखें, म्हणून पाहुणा यजमान ठरला आणि यजमान विस्मरणांत गेला. हा केवळ शब्दाचा घोटाळा नाहीं. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तज्ज्ञांनीं जगांतील शंभर अतिउपद्रवी परस्थ जीवांची जी यादी केली, तींत या दोन्ही ट्राउटांचीं नांवें आहेत. कारण ते जेथें नेले जातात तेथील देशी माशांचा ते फडशा पाडतात. नदीचा मूळ धनी कोण हें चुकीचें सांगितलें, तर कोणाचें रक्षण करावयाचें याचा निवाडाहि चुकतो. इतिहासकाराच्या शब्दावर येथें जिवंत प्राण्याचें भवितव्य अवलंबून आहे.

एवंच निष्कर्ष असे : (१) कृत्रिम माशीचा जुना लेख मॅसिडोनियासंबंधीं आहे, व तोहि ऐकीव आहे. (२) 'मानसोल्लासां'तील विद्या आमिषाची आहे. तिची थोरवी तिच्या स्वतःच्या विषयांत पुरेशी आहे, तीस उसनें भूषण नको. (३) काश्मीरचा ट्राउट १९०० सालचा पाहुणा होय. लिद्दरच्या थंड पाण्यांत उभें राहून माशी टाकणाऱ्यानें आनंद अवश्य घ्यावा. मात्र गळास लागलेला मासा कोणत्या देशींचा, हें त्यानें जाणून असावें, आणि शेजारच्या डोहांतील देशी माशासहि नांवानें ओळखावें.